सहा अंतरं, सात झाडं

माझी मुलगी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. तिचे पाढे पाठ होते, भागाकारही चुकत नव्हता, पण तीच आकडेमोड चार ओळींच्या गोष्टीत घालून दिली की ती गडबडायची. शाळेतल्या मॅडम मला म्हणाल्या, "गणित येतं हो तिला. उदाहरण वाचून कळत नाही."

मी स्वतः नववीनंतर शाळा सोडलेली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. कंपनीची बस साडेपाचला पडेगावात सोडायची. त्या दिवशी चहा ठेवायच्या आधीच मी तिला ओट्यावर घेऊन बसले आणि पुस्तक उघडलं.

पहिलंच उदाहरण होतं: टोपलीत चोवीस पेरू आहेत. ते पिशवीतल्या पेरूंपेक्षा सहाने जास्त आहेत. पिशवीत किती पेरू?

तिने झटकन तीस लिहिलं.

"बेरीज का केलीस?"

"जास्त लिहिलंय ना. जास्त म्हणजे बेरीज."

"पण जास्त कुठं आहेत? टोपलीत का पिशवीत?"

तिने परत वाचलं. बोट ठेवून, हळूहळू. "टोपलीत."

"मग पिशवीत टोपलीपेक्षा जास्त कसे निघतील?"

तिने तीस खोडून अठरा लिहिलं. मला कळलं की ती उदाहरण वाचतच नव्हती. एक शब्द हुडकायची आणि आकडे एकमेकांवर चढवायची. त्या संध्याकाळपासून मी नियम केला. आधी काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, मगच पेन्सिल मिळणार. ती लई रडारड करायची. मी पेन्सिल मुठीत धरून बसायचे.

दोन आठवडे बरे गेले. मग झाडांचं उदाहरण आलं. साठ मीटर लांब रस्त्याच्या एका बाजूला दर दहा मीटरवर एक झाड, दोन्ही टोकांनाही झाड. एकूण झाडं किती?

ती म्हणाली सहा. मीही मनात साठ भागिले दहा केलं होतं. मागं उत्तर बघितलं तर सात.

"छापायला चुकलं असंल. सहाच लिही," मी ठामपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आले तर तिचं दप्तर दारातच पडलेलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. वर्गात ती उभी राहून म्हणाली होती, "पुस्तक चुकलंय, माझी मम्मी म्हणाली." सगळा वर्ग हसला होता.

"मला नाय करायचं गणित. तुलाच येत नाय," ती म्हणाली.

ते लागलं मला. पण ती म्हणत होती ते खरंच होतं. त्या दिवशी पुस्तक बंद ठेवता आलं असतं. शिकवणी लाव, असं तिचे पप्पाही म्हणाले. मी नाही म्हणाले. मला आधी ते सातवं झाड कुठून आलं ते बघायचं होतं.

मी घरातल्या सगळ्यांच्या चपला अंगणात आणल्या. एक चप्पल ठेवली, मोठं पाऊल टाकलं, दुसरी ठेवली. अशी सहा पावलं झाली आणि मागं वळून मोजल्या तर चपला सात. पहिली चप्पल मी पाऊल टाकायच्या आधीच ठेवली होती. मी मोठ्याने म्हणाले, "व्हय गं, चूक माझीच होती. सहा तर मधली अंतरं आहेत."

ती दारातून बघत होती. थोड्या वेळाने आली आणि स्वतः चालून मोजलं. दोनदा.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. चार दिवसांनी उदाहरण आलं की एका लाकडाचे पाच तुकडे करायला किती वेळा कापावं लागेल. तिने सहा लिहिलं. "एक मिळवायचा असतो ना?" तिने जुना नियम टाकून नवा धरला होता. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तरी उठले आणि काकडी आणि सुरी तिच्यापुढं ठेवली. तिने जपून कापली. चार वेळा. तुकडे पाच झाले तशी तीच हसायला लागली. "म्हणजे दर वेळी वेगळंच असतं!"

"दर वेळी बघायचं असतं," मी म्हणाले. तेव्हापासून ती समासात चित्र काढायला लागली. टिंबं, रेघा, चौकोन. वहीची पानं भराभर संपू लागली.

सहामाहीत पाच शाब्दिक उदाहरणं होती. त्यातलं एक असं: रांगेत एक मुलगी पुढून आठवी आणि मागून पाचवी आहे, तर रांगेत किती मुली? पुष्कळांनी तेरा लिहिलं होतं. माझ्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत बारा ठिपके होते आणि आठव्याला गोल केलेला होता. मॅडमनी तिला फळ्यावर बोलावलं. तिने बारा जणींना खरंच रांगेत उभं केलं आणि त्या एका मुलीला आपण दोनदा मोजतो ते दाखवलं. हे सगळं तिने मला बूट न काढताच सांगितलं.

पाचापैकी एक उदाहरण चुकलं होतं, हातच्याच्या घोळात. त्याचं मला काही वाटलं नाही.

आता ती पाचवीत आहे आणि अपूर्णांक सुरू झालेत. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या पुस्तकातला पुढचा धडा आधी सोडवून बघते. शेजारी बसणाऱ्या बाया विचारतात, परीक्षा तुझी आहे का तिची? मी डबा बाजूला सारते आणि अर्ध्याचा पाव म्हणजे नेमका केवढा, ते काढून बघते.