चौदा वर्षांचा धाकटा

गावात चष्म्याचं दुकान एकच, आणि ते चष्मेवाल्याचं. वय त्रेपन्न, गुडघे त्याहून दहा वर्षांनी थोर. निम्म्या गावाच्या नाकावर त्याने गरम वाळूत वाकवून बसवलेली फ्रेम होती. असा हा माणूस वर्षाचे तीनशे त्रेसष्ट दिवस आपल्या दुकानात मालक असे आणि उरलेले दोन दिवस डोंगरावर जाऊन गडी होई. या दोन दिवसांना बंधू-मंडळाचं शिबिर म्हणत.

मंडळात सात जण. सगळे एकमेकांचे भाऊ, अशी शपथच होती. पण भाऊ म्हटले की थोरले-धाकटे आलेच. थोरल्याला शिबिरात पाठ टेकायची खुर्ची मिळे. धाकट्याने तंबू ठोकायचे, झऱ्याचं पाणी आणायचं, चूल पेटवायची आणि सगळ्यांचे फोन आपल्या पिशवीत सांभाळायचे, कारण डोंगरावर फोन वर्ज्य. तातडीचं काही आलंच तर धाकट्याने वाचून सांगायचं. थोरले सहा होते. धाकटा एकच, आणि चौदा वर्षं तोच.

थोरला होण्याची रीत ठरलेली होती. रविवारी सकाळी प्रत्येकाने झऱ्यातून दोन दगड आणायचे, एक चपटा आणि एक गोल. मग कापडी पिशवीत हात घालून, कुणाला न दाखवता, त्यातला एक टाकायचा. चपटा म्हणजे हो, गोल म्हणजे नाही. ज्याच्यासाठी मतदान, त्यानेही टाकायचा. सगळे चपटे निघाले तरच बढती. चष्मेवाल्याच्या वेळी दर वर्षी एक, फक्त एक, गोल निघे.

"कुणाच्या मनात काय असतं, देव जाणे," असं म्हणून मंडळाचे प्रमुख त्याच्या पाठीवर हात ठेवत. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत. "पुढच्या वर्षी नक्की, बंधू." वकील त्याला मिठी मारी. औषधवाला तर त्याच्यानंतर सहा वर्षांनी मंडळात आलेला आणि पहिल्याच फेरीत थोरला झालेला. कानामागून आला आणि तिखट झाला.

तो गोटा टाकतो कोण, या विचाराने चष्मेवाल्याला पछाडलं होतं. वकिलाचा संशय आला तेव्हा त्याने वर्षभर वकिलाच्या फ्रेमचे स्क्रू फुकटात घट्ट करून दिले. सरांचा आला तेव्हा त्यांच्या सासूबाईंचा चष्मा घरपोच नेऊन दिला. दातांच्या डॉक्टरचा आला तेव्हा, ओळख वाढावी म्हणून, त्याच्याकडून एक शाबूत दाढ उपटून घेतली.

"अहो, सख्ख्या भावाच्या लग्नात सतरंजी उचलायला सांगितली तर तुमची पाठ धरली होती," बायको म्हणायची. "या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बरी सरळ राहते?"

"तुला नाही कळायचं. एकदा थोरला झालो की..."

"की काय?"

की काय, ते त्यालाही धड सांगता येत नसे. एकदा त्या खुर्चीत बसावं आणि दुसऱ्या कुणाला तरी चहा आणायला सांगावा, एवढंच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाने एवढ्यासाठी झुरावं, हे हसण्यासारखंच आहे. पण तो झुरत होता.

यंदा दातांचा डॉक्टर तापामुळे आला नाही. उरलेले पाच थोरले शनिवारी खुर्च्या मांडून उंटावरून शेळ्या हाकू लागले. "खुंटी तिरकी मार, बंधू." "वारा इकडून येतो रे, तोंड तिकडे कर." औषधवाल्याने बटाटे सोलायची सुरी हातात देताना "तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही" म्हणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि चष्मेवाला चढलाही.

रविवारी सकाळी तो चुलीत लाकडं सारत होता, तेवढ्यात पिशवीत सरांचा फोन वाजला. डॉक्टरचा निरोप आला होता. तातडीचा असेल म्हणून त्याने वाचला.

"सर, यंदा गोल दगड टाकायची पाळी माझी, आणि मी इथे अंथरुणात. कळवायचं राहूनच गेलं. माझ्याऐवजी वकिलाला टाकू दे. नाहीतर चष्मेवाला थोरला व्हायचा आणि पुढच्या वर्षी तंबू आपल्यालाच ठोकावे लागायचे."

त्याने तो दोनदा वाचला. चौदा वर्षं तो एक वैरी शोधत होता. निघाले सहा, तेही शिस्तीत, पाळीपाळीने. त्याला आधी लाज वाटली, दाढेची सगळ्यात जास्त. मग राग आला, आणि त्याने हातातलं लाकूड चुलीत खुपसलं.

"काय रे, कुणाचं काही?" सरांनी खुर्चीतून विचारलं.

"डॉक्टरांचं. अजून अंथरुणातच आहेत म्हणे."

"अरेरे. चहा झाला का?"

पाळी ज्याची त्यानेच लक्षात ठेवायची असणार, कारण बाकीचे निवांत होते. म्हणजे आज गोल दगड कुणीच टाकणार नव्हतं.

दगड आणायला झऱ्यावर गेला तेव्हा हे त्याच्या ध्यानात आलं. फक्त गप्प राहायचं होतं. अर्ध्या तासात खुर्ची मिळाली असती. पुढच्या वर्षी कुणीतरी नवा धाकटा आणला असता, त्याला खुंट्या दिल्या असत्या, आणि एक दिवस गोल दगडाची पाळी चष्मेवाल्यावर आली असती. त्याने तो टाकलाही असता. वर पाठीवर हात ठेवून "पुढच्या वर्षी नक्की" म्हटलं असतं. ते आपल्याला छान जमेल, हे त्याला स्वच्छ दिसलं आणि स्वतःचीच किळस आली.

पिशवी फिरली. सरांनी ती उलटी केली. पाच चपटे, एक गोल.

"कुणाच्या मनात काय असतं, देव जाणे," सर म्हणाले आणि हात त्याच्या पाठीकडे नेऊ लागले.

"सर, डॉक्टरांचा निरोप अर्धाच सांगितला मी," म्हणत त्याने फोन पुढे केला.

सरांनी वाचला. त्यांचा हात अधांतरीच राहिला. वकिलाने फोन ओढून घेऊन वाचला आणि औषधवाल्यावर डाफरला, "मग हा तू टाकलास?"

"मी कशाला? माझी गेल्या वर्षी झाली!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. बाकीचे झऱ्याकडे बघायला लागले.

"माझा आहे तो," चष्मेवाला म्हणाला.

"अरे वेड्या," सरांना राहवेना, "आज तू थोरला होत होतास!"

"म्हणून तर टाकला."

त्याने फोनांची पिशवी सरांच्या मांडीवर ठेवली आणि आपली वळकटी खांद्यावर घेतली.

"अरे पण तंबू?" वकील ओरडला.

"पाळ्या लावा," चष्मेवाला म्हणाला. "सवय आहे तुम्हाला."

तो उतरायला लागला. पहिली खुंटी कुणी उपटायची यावरचा वाद त्याला खालच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.