कुटुंबाला एक मत

गिरिजा नागपूरची. नऊ वर्षांपूर्वी अभिजितशी लग्न करून आयर्लंडमधल्या गॉलवेला आली आणि स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला लागली. केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा मात्र हातचा सुटला. गेल्या वर्षी तो दुसरीकडे राहायला गेला, आणि हिने मराठी मंडळात सांगून टाकलं, "शॅननला प्रोजेक्ट आहे त्याचा." इथे कुणी शिंकलं की नागपुरात रुमाल निघतात, आणि वडिलांची बायपास नुकतीच झालेली. त्यांना कळलं तर? या भीतीने ती वर्षभरात अर्धी झाली होती.

मंडळाची घटना ठरवायची सभा भरली. आजवर कुटुंबाला एक मत, तेही नवऱ्याच्या नावावर. तो नसला तर बायकोने त्याचं मत कळवायचं, निरोप्यासारखं! इतिहास शिकवणाऱ्या मेधाने ठराव मांडला, माणशी एक मत. "फ्लोरिडातल्या सेमिनोल आदिवासींनी १९५७ साली स्वतःची घटना मंजूर केली. त्यांच्यात तर कूळ आईकडून चालतं. आणि आपण पीएचड्या घेऊन अजून श्री. व सौ.!"

अध्यक्ष शशिकांतकाका जुन्याच नियमाने यादी वाचू लागले. ते स्वतः ठरावाच्या विरुद्ध. सव्वीस बाजूने, सव्वीस विरुद्ध, आणि शेवटचं नाव उरलं.

"गिरिजा, अभिजित काय म्हणतोय?"

'हो म्हणतोय' एवढं म्हटलं की ठराव पास, झाकली मूठही झाकलेली. पण बाईला स्वतःचं मत मिळवायचं, तेही नवऱ्याच्या नावाने खोटं बोलून? आणि खरं बोलावं तर मत बाद, अब्रू चव्हाट्यावर.

"काका, तो शॅननला नाहीये. वर्ष झालं, आम्ही वेगळे राहतो. मी खोटं सांगितलं सगळ्यांना."

मागच्या रांगेत दोघांची बोटं लगेच फोनवर चालू झाली.

"मग घरात कोण असतं?" काकांनी विचारलं.

"मी एकटीच."

काका नियमाला पक्के. त्यांनी यादीतलं नाव खोडून दुसरं लिहिलं. "ग्रँड," ते इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणाले. "कुटुंबप्रमुख गिरिजा, तुझं मत काय?"

तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

टाळ्या संपायच्या आत तिचा फोन वाजला. बाबा! तरी तिने तो उचलला.

"गिरिजे, हे काय आयकून राहिलो मी?"

"बाबा, लोकांचं ऐकू नका," ती म्हणाली. "मी सांगते."