न बोलावलेल्या सेवा

परवा सकाळी अकरा वाजता आमच्या वाचनालयात आलेल्या मंगलमावशींवर अन्याय झाला. मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना आमचा लिनक्सवर चालणारा जुना संगणक गोठला आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. मुदत त्याच संध्याकाळची होती.

मी पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या सेवांची, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी उघडली. प्रिंटर कधीच मोडीत गेला, तरी छपाईची सेवा हजर. दुसरी, शोध सोपा व्हावा म्हणे, आमची एकेक फाईल वाचत, संगणकाची सगळी ताकद खात बसलेली.

“मेल्यांना बोलावलं कुणी?” मावशी म्हणाल्या.

कुणीच नाही. कुणी हटकलंही नाही. आमच्या वाचनालयाच्या समितीतसुद्धा असे दोघे आहेत.

सेवांचं काम काय ते नीट वाचून मी त्या दोन्ही कायमच्या बंद केल्या. मावशींनी पुन्हा भरलेला अर्ज चार वाजता गेला. तुमच्या संगणकात कोण बसलंय? आजच यादी उघडा आणि एकेकीला विचारा, तुझं इथे काम काय?