मच्छरदाणीतली बंदूक

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये डास नावालाही नव्हते, तरी चाचांची मच्छरदाणी बारा महिने टांगलेली असायची. चाचा रत्नागिरीकडचे. कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, दुकानात शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि नाजूक काम घरी आणायचे. स्क्रू, पिना, स्प्रिंगा एका परातीत घेऊन ते मच्छरदाणीत शिरत, कडा गादीखाली खोचत आणि आतून बजावत, "आता कुणी मला हाक मारायची नाही." स्प्रिंग हातातून सुटली की जाळीला लागून खाली पडायची. बाहेर असती तर कपाटाखाली जाऊन कायमची बेपत्ता झाली असती. त्या जाळीत बसलेले चाचा लांबून सेहरा बांधलेल्या नवऱ्या मुलासारखे दिसत. हे त्यांना सांगितलं की म्हणत, "हसा मेल्यांनो. लहान पुर्जा रुसला की मोठा पुर्जा नुसतं लोखंड."

मला ते 'बीएस्सी' म्हणत. माझ्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. फ्लॅटच्या दारावर मी नावापुढे पदवी लिहिलेली पट्टी लावली होती आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. ड्रायव्हर रौफ, आमचा तिसरा भिडू, ती पट्टी पाहून रोज सलाम ठोकायचा. चाचा मात्र आल्यागेल्याला मुद्दाम पट्टी दाखवायचे. "आमच्याकडे शिकलेला माणूस राहतो," असं म्हणताना त्यांचीच छाती फुगायची.

कुवेतवरून लढाई सुरू झाली त्याच सुमारास चाचांच्या थोरल्या मुलीचा निकाह ठरला. ती चालायला लागली तेव्हा चाचा इकडे आले. त्यानंतर तिची-त्यांची गाठ सुट्टीपुरती. पासपोर्ट कफीलाकडे. तो म्हणाला, "लढाई संपू दे, मग बघू." चाचा रोज विचारायचे, रोज तेच उत्तर मिळायचं. घरी येऊन ते जेवताना नुसता मासा चिवडत बसायचे. चाचा मासा चिवडताहेत म्हणजे प्रकरण गंभीर, हे आम्हाला कळत होतं.

मग एक दिवस कफीलाचे म्हातारे वडील दुकानात आले ते छऱ्याची जुनी बंदूक घेऊन. हुफूफच्या खजुराच्या बागेतले पक्षी हाकलायला ती त्यांच्या तरुणपणी घेतलेली. कुणी तरी हौसेने उघडली होती आणि जोडता न आल्यामुळे पिशवीत भरून ठेवली होती. म्हातारा म्हणाला, "ही वाजवून दाखव. मुलाशी मी बोलतो."

पिशवी घरी आली, परातीत ओतली गेली, आणि चाचा जाळीत शिरले. पिना इवल्याशा, स्प्रिंगा त्याहून खट्याळ. एका दुपारी भोंगा वाजला. रौफ आणि मी विषारी वायूच्या भीतीने तोंडाला ओले टॉवेल लावून चिकटपट्ट्या मारलेल्या खोलीत पळालो. चाचा येईनात. रौफ ओरडला, "चाचा, मिसाइल येतंय!"

आतून शांत आवाज आला, "येऊ दे. मिसाइल आलं तर दिसेल तरी. ही स्प्रिंग उडाली तर दिसायची नाही."

शेवटी बंदूक जोडून झाली. मशीनचं तेल संपलेलं, दुकानं बंद. चाचांनी गावाहून आणलेलं खोबरेल काढलं आणि खटक्याच्या आत सढळ हाताने सोडलं. "आमच्याकडे शिवणयंत्रालाही हेच घालतात," असं सांगून वर दोन थेंब स्वतःच्या टकलावर चोळले. बंदूक छान खटखट वाजली. चाचांनी त्या दिवशी मासा काट्यासकट साफ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारा आमच्या फ्लॅटवर आला. रात्रीतून बोचरी थंडी पडली होती. चाचांनी मोठ्या अदबीने बंदूक पुढे केली. म्हाताऱ्याने खटका ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. खटका चिखलात रुतल्यासारखा जागच्या जागी. म्हातारा हळूच म्हणाला, "खलास?" चाचांचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

मी नुकती अंघोळ करून आलो होतो. डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली उलटी केली, तर तेल बाहेर येईना. आत पांढराशुभ्र गोळा. मी बाटली तशीच हातात घेऊन धावलो.

"चाचा, बंदूक ठणठणीत आहे! तिला थंडी वाजतेय!"

चाचांनी बाटलीकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, कोकणात हे कधी गोठलंच नाही रे!"

रौफने मोडक्यातोडक्या अरबीत म्हाताऱ्याला सगळं समजावलं. म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. त्याने बंदूक आपल्या लोकरी झग्यात घेतली, लेकराला घ्यावं तशी, आणि हीटरजवळ बसून चहा मागवला. एक झाला, दुसरा झाला. खजूर झाले. मग तो उठला, गॅलरीत गेला, दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यावर नेम धरला आणि खटका ओढला. टण्ण! रौफ सवयीने जमिनीवर पालथा पडला. खालच्या मजल्यावरून कुणी तरी हिंदीत शिव्या घातल्या. म्हातारा लहान पोरासारखा नाचत म्हणाला, "यल्ला! इंडिया!"

त्याने शब्द पाळला. इकडची विमानं बंद होती, म्हणून चाचा बसने जेद्द्याला निघाले, तिथून पुढे विमान. बसच्या खिडकीतून ते मला म्हणाले, "बीएस्सी, गावात सांगणार आहे मी, शिकलेल्या माणसामुळे पोचलो." मी म्हटलं, "सांगाच." खोटा संकोच मला कधी जमला नाही.

लढाई संपल्यावर गावाहून आलेल्या एका माणसाने कॅसेट आणून दिली. रौफने ती टेपमध्ये घातली. आधी बायकांचा गलबला, भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी रडणं, कुणाचं तरी हसणं. मग चाचा घसा साफ करून बोलू लागले. "निकाह झाला. पोरगी सासरी गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली रे, अगदी ओळखीच्या माणसासारखी. आता धाकटी रोज विचारते, अब्बा, तुम्ही कधी जाणार? काल तिला सांगून टाकलं, नाही जात. तेव्हा पोरांनो, माझी खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या."

रौफने टेप मागे फिरवली आणि आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. खाट मात्र आम्ही बरेच दिवस कुणाला दिली नाही.