अण्णांची डबी संध्याकाळी का थांबायची

चाळीस वर्षं सांगलीत हळदीचा व्यापार केलेला माणूस हळकुंड मोडून, वास घेऊनच मालाबद्दल बोलतो. आमचे शेजारी धन्यकुमार अण्णा त्यातलेच. जे हातात घेऊन मोडता येत नाही, त्यावर त्यांचा विश्वास नाही. अशा माणसानं सत्तरीत घरात गाण्यांचा सर्व्हर बसवायला काढला, तेव्हा मी हसलो होतो. आता त्याची लाज वाटते.

कारण त्रिशला वहिनी, अण्णांच्या पत्नी. फेब्रुवारीत त्यांना झटका आला, उजवा हात अधू झाला आणि बोलणं पार गेलं. एरवी पर्युषणाचे दहा दिवस मंदिरात वहिनी स्तवनं म्हणायच्या आणि अण्णा पुढ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. तशा बारा कॅसेटी घरात होत्या. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांचीच गाणी रोज ऐकवा. सुराला धरून कधीकधी शब्द परत येतात." अण्णांनी त्याच दिवशी टेप लावला आणि टेपनं पहिलीच कॅसेट खाल्ली. फितीचा गुंता मांडीवर घेऊन अण्णा रडले, मी पाहिलंय.

उरलेल्या अकरा त्यांच्या मुलानं, सम्मेदनं, पुण्याला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर पाठवून दिला. सोबत एक डिस्क. गाणी या डबीत राहणार आणि घरातल्या कुठल्याही स्पीकरवर वाजणार. जोडणी मात्र अण्णांनीच करायची, फोनवर ऐकून.

"आता एक जागा मोकळी सोडा, अण्णा."

"मोकळी जागा लिवायची म्हंजे काय लिवायचं रं?"

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून वहिनींचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज आला. वहिनींनी मान वळवली. ओठ हलले, शब्द काही आला नाही. तरी अण्णांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

आणि मग पावसाळ्यात डबीचं खूळ सुरू झालं. सकाळी औषधांची गुंगी असायची, म्हणून वहिनींची खरी वेळ संध्याकाळची. जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, अण्णांनी गाणी लावायची, वहिनींनी ओठ हलवायचे. तासाभरात आवाज अडखळायचा आणि बंद. गाणं तुटलं की वहिनी भिंतीकडे तोंड करून बसायच्या, काही केल्या वळायच्या नाहीत. सकाळी मात्र डबी टुणटुणीत. सम्मेद पुण्यातून तपासायचा आणि म्हणायचा, "अण्णा, काही बिघाड दिसत नाही."

मी म्हणालो व्होल्टेज. वायरमन आला, म्हणाला व्होल्टेज ठीक आहे. मी म्हणालो इंटरनेट. राउटर माळ्यावरून कपाटावर आला. सम्मेदनं नवीन चार्जर पाठवला. जित्याजागत्या माणसाचा आजार डॉक्टरसमोर लपतो हे ठाऊक होतं, यंत्राचाही लपतो हे नवीनच.

"सर, काय बी उमजंना बघा," अण्णा मला म्हणाले. "दिवस मावळला की ही डबीबी तोंडात काय घेत न्हाई. आमच्याच घरची वाटती." हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "तिचा सूर लागतोय तवाच बंद पडतंय. माझ्याच हातानं काय चुकतंय का?"

त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. जेवणं झाली, गाणं सुरू झालं. डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्यावर चिलटं जमू लागली. माझ्याशी बोलता बोलता अण्णांनी पाणी गाळायचं जाड फडकं चौपदरी केलं आणि डबी-डिस्क दोन्ही नीट झाकली. चातुर्मासात उजेडावर जीव येऊन मरू नयेत म्हणून या घरात वहिनी प्रत्येक दिवा झाकायच्या. त्या आजारी पडल्यापासून अण्णांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. मी समोर बसून बघत होतो आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. मी निवृत्त मास्तर आहे, विज्ञानाचा.

तासाभरानं आवाज अडखळला. अण्णांनी घाईनं सम्मेदला फोन लावला. "बघ, आत्ता बंद पडतंय, आत्ता बघ."

वहिनी उठल्या. भिंत धरून, पाय ओढत टेबलापाशी आल्या. डाव्या हातानं फडकं ओढून काढलं आणि लेकराचा ताप बघावा तसा डबीवर तळवा ठेवला. मग अण्णांकडे वळल्या. त्या कपाळावरच्या आठ्या मी सहा महिन्यांत पाहिल्या नव्हत्या.

"तापलंय," त्या म्हणाल्या.

स्पीकर गप्प होता. फोनमधून सम्मेदचा आवाज आला, "अण्णा, कोण बोललं?"

अण्णांनी फोन वहिनींपुढे धरला.

वहिनींनी फोनकडे पाहिलं.

"तापलंय," त्यालाही त्यांनीच सांगितलं.