बुधवारच्या मावशी

आमच्या लायब्ररीत दर बुधवारी सकाळी छोटा धंदा सुरू करणाऱ्यांना फुकट सल्ला मिळतो, हे मला मुलीनं शोधून दिलं. ती तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. "आई, जस्ट गो. दे वोन्ट बाइट," म्हणाली आणि माझ्या नावानं वेळही घेऊन टाकली.

मी त्रेचाळीस वर्षांची होते. नागपूरला एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीबरोबर अमेरिकेत नेपरव्हिलला आले तेव्हा मुलगी दुसरीत होती. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. अशी जवळजवळ दहा वर्षं गेली. त्या वर्षांत मी बेसमेंटमध्ये एक शिलाई मशीन मांडलं आणि हौस म्हणून शिवत राहिले. कुणाचे ब्लाउज, कुणाच्या पडद्यांच्या टिपा, एका मैत्रिणीच्या मुलीच्या अरंगेत्रमचा अख्खा पोशाख. बायका म्हणायच्या, "तू दुकानच टाक." मी हसायचे. मग ग्रीन कार्ड आलं, आणि आता हसून वेळ मारून नेता येईना.

लायब्ररीतल्या टेबलामागे मला वाटलं होतं कुणी कोटातला अमेरिकन माणूस असेल. तिथं बसल्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. आखूड पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, कोपरावर रफू केलेला तपकिरी स्वेटर. त्या बल्गेरियाच्या होत्या, आणि त्यांचं इंग्रजी माझ्याहूनही तोडकं होतं. खरं सांगते, माझा चेहरा पडला. मनात आलं, या मला काय शिकवणार?

"काय करतेस?" त्यांनी विचारलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्यांचं बोलणं मला पहिल्यापासून 'तू'च ऐकू आलं.

"सध्या काही नाही. घरीच असते."

"पिशवीत काय आहे?"

मी नमुन्याचा ब्लाउज काढून दिला. त्यांनी तो सरळ बाजूनं पाहिलाच नाही. उलटा केला, चष्म्याजवळ नेला आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या.

"इतकं कापड आत का दाबून ठेवलंस? वाया नाही गेलं?"

"उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. आमच्या भाषेत याला माया म्हणतात." मग मी थांबून म्हटलं, "माया म्हणजे जीव लावणंही."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग विचारलं, "दुकान कुठे टाकणार?"

"घरीच. बेसमेंटमध्ये."

यावर त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "तुला नाही हसले. कधीतरी सांगेन," म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी मला गृहपाठ दिला. दहा जणींना विचारायचं: तुमच्या कपाटात असा कोणता कपडा आहे जो तुम्हाला आवडतो, पण घालता येत नाही? आणि का? त्यातल्या निदान सहा जणी भारतीय नकोत.

दहा वर्षांत मी शेजारच्या बाईंशी बर्फ आणि गवत याच्यापलीकडे बोलले नव्हते. त्यांचा नवरा वारला तेव्हासुद्धा पत्रपेटीत एक कार्ड टाकून मोकळी झाले होते. तरी त्यांच्यापासूनच सुरुवात केली. दारातच प्रश्न विचारला. त्या आत जाऊन नवऱ्याचा लाल चौकड्यांचा जाड शर्ट घेऊन आल्या. "हा घालावासा वाटतो. पण त्यात मी बुडून जाते," म्हणाल्या.

तो शर्ट मी त्यांच्या मापाचा करून दिला. खांदे आत घेतले, बाह्या कापल्या, खिसा मात्र होता तिथंच ठेवला, कारण त्याच्या कडेला त्यांच्या नवऱ्याच्या पेनाचा डाग होता. शर्ट घालून त्या आमच्या ड्राइव्हवेवर आल्या आणि मला मिठी मारून परत गेल्या. माझं पहिलं बाहेरचं काम ते.

मग दर बुधवार ठरूनच गेला. त्यांना नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी एकदा 'मावशी' म्हणाले. अर्थ विचारला, तेव्हा सांगितलं, आईची बहीण. "आमच्याकडे ल्येल्या," त्या म्हणाल्या. "पण मावशी चालेल. तोंडाला मऊ लागतो हा शब्द."

घरातून धंदा करायचा तर शहराच्या ऑफिसात एक अर्ज द्यावा लागतो. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं प्रत्येक खिडकीवर 'तुम्हाला याची परवानगी नाही' हेच ऐकलं होतं. मावशी म्हणाल्या, "मी येते. मी मागे बसेन. बोलणार तू."

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. मी उभ्या उभ्या भरायला लागले आणि भरून झाल्यावर मावशींना दाखवायला नेला. त्यांनी वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

मालकाच्या रकान्यात मी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. विचार करून नाही. हाताला सवयच तशी झाली होती. भाड्याचं घर, विमा, बँक, मुलीची शाळा, सगळीकडे पहिलं नाव त्याचं.

"माझा नवरा."

"तो शिवतो?"

"नाही. त्याला बटणही लावता येत नाही."

मावशी उठल्या, काउंटरवर जाऊन दुसरा कोरा फॉर्म मागून आणला आणि माझ्या हातात दिला. मी माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. चित्रकलेच्या बाईंचं अक्षर!

परवानगी मिळाली. पण अट होती, घराबाहेर पाटी लावायची नाही. बाहेर आल्यावर मी चिडचिड करायला लागले. पाटी नाही तर लोकांना कळणार कसं? बेसमेंटमध्ये कोण कशाला उतरेल? मावशी गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "आता सांगते, त्या दिवशी का हसले ते."

त्या बल्गेरियात, सोफिया शहरात एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होत्या. यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायच्या. कम्युनिस्ट राजवट गेली, आणि दोन-तीन वर्षांत कारखाना बंद पडला. हजारो माणसं एकदम घरी. नवरा आजारी, मुलगी लहान. तेव्हा शहरभर लोक आपापल्या इमारतीच्या तळघरात दुकानं टाकायला लागले होते. तळघराची खिडकी असते फुटपाथला टेकलेली. दुकानदार आत खाली उभा, गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर. घ्यायचं असेल तर गिऱ्हाइकानं गुडघ्यात वाकून उकिडवं बसायचं आणि खिडकीत तोंड घालून मागायचं. मावशींनीही तसंच दुकान टाकलं. दोरे, बटणं, मेणबत्त्या, साबण, बल्ब.

"कुणी वाकेपर्यंत मला माणसांचे चेहरे दिसायचेच नाहीत," त्या म्हणाल्या. "नुसते पाय. सहा महिन्यांत मी अख्ख्या गल्लीला बुटांवरून ओळखायला लागले. कुणाचे तळवे झिजलेत, कुणी नवे घेतलेत. पहिल्या वर्षी मी लाजेनं खिडकीपासून लांब उभी राहायचे. इंजिनिअर बाई बल्ब विकते!"

"मग?"

"मग एकदा हिवाळ्यात दोन बूट येऊन थांबले. काळे, चकाकणारे, पण टाचेला फाटलेले. मी ओळखले. आमच्या कारखान्याचे डायरेक्टर. त्यांच्यासमोर आम्ही उभे राहायचो. ते खाली वाकतच नव्हते. बूट एकदा जवळ यायचे, पुन्हा मागे जायचे. गुडघे दुखत असतील, नाहीतर लाज वाटत असेल. मला माहीत होतं, मी हाक मारली तर ते निघून जातील. मी मेणबत्त्यांचं पाकीट घेतलं, जिना चढून वर गेले आणि रस्त्यावर त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, सर, तुम्ही सांगून ठेवलं होतं ना. त्यांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. पण ते म्हणाले, हो, हो, सांगून ठेवलं होतं."

गाडी चालू करायचं मी विसरूनच गेले होते.

"त्या दिवसापासून मी खिडकीजवळ उभी राहायला लागले," मावशी म्हणाल्या. "पाटी माझ्याकडेही नव्हती गं. चल, भूक लागली."

पाटीशिवाय माझं काम वाढत गेलं. शेजारच्या बाईंनी त्यांच्या चर्चमध्ये सांगितलं, मैत्रिणींनी महाराष्ट्र मंडळात. मग एक शाळेतली शिक्षिका आली. तिशीतली, पुढच्या उन्हाळ्यात लग्न. आई दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेलेली. आईचा लग्नातला पांढरा रेशमी ड्रेस तिला स्वतःच्या लग्नात घालायचा होता. थोडा सैल करून हवा होता. मी आत पाहिलं, माया भरपूर होती. "होईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कुशीची शिवण उसवायला घेतली आणि कापड हातात फाटलं. मी कात्री लावलीसुद्धा नव्हती. इतक्या वर्षांत रेशीम विरून गेलं होतं. टाका निघाला तशी शिवणीच्या बाजूनं वीतभर चीर गेली. मी सावरायला धरलं, तर दुसरीकडे गेली.

तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. ड्रेस चादरीत गुंडाळून ठेवला. तिचा मेसेज आला, 'सगळं ठीक?' मी लिहिलं, 'चालू आहे.' बुधवारी मावशींसमोर बसले आणि रडायला लागले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, धीर देतील. त्या माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा चिडल्या. "तीन दिवस ती मुलगी समजते आहे की आईचा ड्रेस नीट आहे. तू तिला खोटं सुख देते आहेस. फोन कर. आत्ता. इथूनच."

मी लायब्ररीच्या जिन्यात उभी राहून फोन केला. ती म्हणाली, "मी शाळा सुटल्यावर येते."

ती बेसमेंटमध्ये आली आणि चिरेकडे बघत बसली. मी माफी मागितली, तपासून बघायला हवं होतं, माझी चूक झाली, म्हटलं. ती रडली. मी पाणी आणून दिलं आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसले. थोड्या वेळानं मी ड्रेसची आतली बाजू उलटून तिला दाखवली, कारण उसवताना मला एक गोष्ट दिसली होती. कंबरेपाशी मशीनच्या टाक्यांवर हातानं घातलेले टाके होते. वेगळा दोरा, वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड. "हे शिंप्याचं काम नाही," मी म्हटलं. "हे कुणीतरी घाईत घरी केलंय."

तिनं ते टाके नखानं चाचपले आणि एकदम हसली. "ही आईच! शी वॉज टेरिबल ॲट धिस. माझ्या हॅलोवीनच्या कपड्यांना ती स्टेपलर मारायची." हसता हसता पुन्हा रडली.

अख्खा ड्रेस वाचणार नव्हता. आम्ही दोघींनी मिळून कापड उजेडात धरून बघितलं, कुठला भाग मजबूत आहे, कुठला नाही. पाठीचं आणि बाह्यांचं कापड चांगलं होतं. त्याला आतून मऊ अस्तर लावून मी एक आखूड जाकीट शिवलं, साध्या नव्या ड्रेसवर घालायला. आईच्या हातच्या टाक्यांचा तुकडा तसाच कापून आतल्या बाजूला, डावीकडे लावला. लग्नाचा फोटो तिनं मला पाठवला. पुढच्या वर्षभरात तिच्या शाळेतल्या चौघीजणी माझ्याकडे आल्या.

आता माझ्याबरोबर दोघी काम करतात. एक अकोल्याची, एक मेक्सिकोची. बेसमेंट सोडून आम्ही एका छोट्या गाळ्यात आलो, तिथं पाटीही आहे. नवरा दर शनिवारी येऊन दुकान झाडून देतो आणि बटणं लावायला शिकतो आहे. अजून जमत नाही.

मावशी मागच्या पानगळीत सोफियाला परत गेल्या. त्यांची बहीण तिथं एकटी होती. "दोघी मिळून एक धड म्हातारी होईल," म्हणाल्या. लायब्ररीत सल्ला देणाऱ्यांनी भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम होता, तो त्यांनी माझ्याबाबतीत चहाच्या कपालाही लावला होता. पण आता त्या सल्लागार राहिल्या नव्हत्या. त्यांच्या बोटांचे सांधे सुजतात, बटणं लागत नाहीत. म्हणून मी मऊ सुती कापडाचा घरात घालायचा एक लांब झगा शिवला आणि काजं-बटणांऐवजी आत छोटी लोहचुंबकं बसवली. माप घेतलेलं नव्हतं, नजरेच्या अंदाजानंच शिवला. पार्सल पोचायला महिना लागला.

रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. झगा घालून बसल्या होत्या. मागे बहीण हसत होती.

"नीट बसला का?" मी विचारलं.

"छान. बाह्या एक बोट लांब आहेत."

"अरे देवा! परत पाठवा, मी आखूड करून देते."

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "मी वाढेन."