डाव्या हाताचा घास

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत रोजचा सुविचार फळ्यावर लिहायचं काम बावीस वर्षं माझ्याकडेच आहे. वडिलांच्या आजारपणात या अक्षराने मी काय केलं, ते लिहायला बसलो आहे. याआधी तीनदा बसून उठलो.

वडिलांची उजवी बाजू गेली तेव्हा ते अंगणात तोंड धूत होते. बीडच्या रुग्णालयात तीन आठवडे काढून आम्ही त्यांना गेवराईला घरी आणलं. उजवा हात-पाय लुळा, आणि वाचा गेलेली. ‘हां’ एवढंच निघायचं. हवं असलं तरी ‘हां’, नको असलं तरी ‘हां’. भावकीतल्या प्रत्येक लग्नात पंगत बसवायचं काम या माणसाकडे असे. “त्या कोपऱ्यात वरण न्हाई पोचलं बे!” हे त्यांचं ओरडणं मांडवाबाहेर ऐकू यायचं. लहानपणी मी एकदा डाव्या हाताने घास घेतला, तेव्हा त्यांनी मला भरल्या पंगतीतून उठवलं होतं.

रुग्णालयात एक सिस्टर होती, तिशीतली. नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठी तिचा अभ्यास चालू होता. घरच्या माणसांना नीट शिकवलं तर अंगावरून वारं गेलेल्या माणसाचं शरीर आणि मन जास्त सावरतं का, हे तिला पाहायचं होतं. आमचं घर त्यात घ्यायचं का, हे तिने मला विचारलं नाही. वडिलांना विचारलं, खाटेशी वाकून, सावकाश, दोनदा. ते ‘हां’ म्हणाले तरी ती थांबली. “आप्पा, हो असलं तर माझा हात दाबा.” त्यांनी दाबला. मग कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. अंगठा डाव्याच हाताचा देतात, त्यामुळे तो मला खटकला नाही.

दर मंगळवारी ती घरी यायची. माझ्या पत्नीला आणि मला शिकवायची. लुळ्या हाताखाली उशी. जेवताना पाठ सरळ, हनुवटी थोडी खाली. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. आणि त्यांच्या वतीने आपण उत्तर द्यायचं नाही, थांबायचं. तिच्याकडे पाच चेहऱ्यांचं एक कार्ड होतं, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. आज कसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी वडिलांनी शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“तसं काही नाही हो,” मी म्हणालो. “त्यांना नीट दिसत नाही.”

“सर, मी आप्पांना विचारलं,” ती म्हणाली.

जाताना तिने रोज भरायचा तक्ता दिला. दोनच रकाने होते. आज कोणता चेहरा दाखवला. आज स्वतःच्या हाताने काय केलं.

दुसऱ्या मंगळवारी तिने ओल्या फडक्यावर वाटी ठेवली, म्हणजे ती सरकत नाही, आणि वडिलांच्या डाव्या हातात चमचा दिला. चमचा वाटीपर्यंत गेला आणि पडला. ती म्हणाली, “रोज ठेवा. सांडू द्या. पुसायची घाई करू नका. स्वतःच्या हाताने घेतलेला घास नुसता पोटात जात नाही, मनालाही लागतो.”

आम्ही एक दिवस ठेवला. नंतर ठेवला नाही. मला साडेदहाची शाळा होती, हे एक. दुसरं कारण मी पत्नीलाही सांगितलं नाही. त्यांना त्या हाताने जेवताना मला बघवत नव्हतं. वर मी स्वतःला समजावलं की आप्पांनाच ते आवडणार नाही. मला पंगतीतून उठवणारा माणूस तो. मीच चमच्याने भरवत राहिलो.

तक्ता मात्र सोमवारी संध्याकाळी एका बैठकीत सात दिवसांचा भरायचो. चेहरा, तिसरा. चेहरा, दुसरा. स्वतःच्या हाताने, दोन घास. दुसऱ्या दिवशी तीन. हळूहळू वाढवत गेलो, खरं वाटेल असं. मध्येच एक दिवस ‘आज कंटाळले’ असंही लिहिलं. तो दिवस लिहिताना मला बरं लिहिल्याचं समाधान वाटलं होतं.

मग एका रविवारी भावकीतले सात-आठजण भेटायला आले. वडिलांना खुर्चीत बसवलं होतं. वरणात कुस्करलेली भाकरी पत्नीने त्यांच्यापुढे आणून ठेवली आणि ती चहा बघायला आत गेली. मी पाहुण्यांशी बोलत होतो. वडिलांचा डावा हात हलला. चमचा नव्हताच. त्यांनी सरळ वाटीत बोटं घातली, घास गोळा केला आणि तो उचलला. वरण मनगटावरून ओघळत होतं. घास छातीपर्यंत आला होता.

मी त्यांचं मनगट धरलं. बोटं पुसली, हात मांडीवर नेऊन ठेवला आणि चमच्याने भरवायला लागलो.

“हां,” वडील म्हणाले. मोठ्याने.

चुलते म्हणाले, “मास्तर, लई सेवा करता बगा बापाची. आमच्या पोरांला दावाया पायजे.”

दुसऱ्याने वडिलांकडे पाहून, ते तिथे नसल्यासारखं, मला विचारलं, “कळतं का त्यांला काई?”

“थोडंफार,” मी म्हणालो.

त्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘स्वतःच्या हाताने, अर्धी वाटी.’

सिस्टर तक्ता वाचून इतकी खूश झाली की तिने त्याच्या प्रती काढल्या. शिरूर कासारच्या एका शाळेत ती तिकडच्या घरांसाठी शिकवणीचा दिवस ठेवत होती. दसरा झाला की तिकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्यांना त्याआधी शिकवायचं होतं. “सर, तुम्ही याल का? तुमचा तक्ता दाखवायचाय.” मी गेलो. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

वर्गात वीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. माझं अक्षर हातोहात फिरत होतं. एका म्हातारीने ते वाचता येत नसतानाही बराच वेळ धरून ठेवलं. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

“तुमचे वडील डाव्या हातानं जेवत्यात म्हनं?”

“हो.”

“आमचा मानूस तोंड मिटून बसतो. लाजतंय. मी भरवल तवाच खातो. पोरगा-सून चालले कारखान्यावर. मी रोजानं गेल्याबिगर चालत न्हाई, आन् हे दिवसभर उपाशी ऱ्हातंय.” मग ती थोडी हसली. “सिस्टर बोलल्यापून मी म्हन्ते, मास्तरच्या बापाला जमतंय तर तुला कावून न्हाई? तर म्हनतो, खोटं हाय. एकदा तुमच्या वडलांचा फोटू काढून द्या ना. जेवतानाचा. दावते त्याला.”

“देतो,” मी म्हणालो.

घरी येऊन मी ओलं फडकं अंथरलं, वाटी ठेवली, चमचा वडिलांच्या डाव्या हातात दिला आणि समोर मोबाईल धरून उभा राहिलो. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चमचा वाटीशेजारी ठेवला, आणि मी त्या रविवारी जिथे ठेवला होता तिथेच, मांडीवर, हात नेऊन ठेवला. मग तोंड उघडून वाट पाहू लागले.

पुढे रोज वाटी ठेवली. खरोखर ठेवली. हात पुन्हा वर आला नाही. अठराव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मोबाईलमध्ये त्यांचे जेवतानाचे अकरा फोटो आहेत. सगळ्यांत तोंड उघडं आहे आणि चमच्याला माझा हात आहे.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी सिस्टर आली. शेवटचा कागद भरून घ्यायचा होता, घरच्यांच्या मनाला काय वाटलं ते विचारणारा. पहिला प्रश्न वाचायच्या आधी ती म्हणाली, “त्या आजी फोटोचं विचारत होत्या. आता मागायला बरं वाटत नाही, पण असला तर...”

मी तिला सांगितलं. वाटी ठेवलीच नव्हती, तक्ता सोमवारी संध्याकाळी मनाने भरायचो. पत्नी दारात उभी होती. तीही तेव्हाच ऐकत होती.

सिस्टर रागावली नाही. तिने पेनाचं टोपण लावलं. “मग तुमचं घर मला अभ्यासातून काढावं लागेल, सर.”

“बरोबर आहे.”

“आप्पांनी हात दाबून हो म्हटलं होतं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “एकदाही नाही का? स्वतःहून?”

तेव्हा मी तिला तो रविवार सांगितला. ती जायला उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “आजींना मी काय सांगू?”

“मी सांगतो,” म्हणालो.

पुढच्या रविवारी शिरूर कासारला गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या. तिचा नवरा भिंतीला टेकून बसलेला, लुळा उजवा हात उपरण्यात. मी दोघांसमोर सांगितलं की तक्ता खोटा होता. बाप पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने जेवायला निघाला होता, मीच हात धरला.

“आन् मग लिवलं कावून तसं?” म्हातारीने विचारलं.

“लाज वाटली.”

“कशाची? वडलांच्या हाताची?”

मी मान डोलावली. ती नवऱ्याकडे वळली. “ऐकलं का? खोटं हाय म्हनत व्हता न्हवं तू? हात घातलाच व्हता त्या मानसानं. पावन्यांम्होरं घातला.”

मग मला म्हणाली, “बसा. दोन घास खा.” तिने भाकरी आणि पिठलं दोन थाळ्यांत वाढलं, एक माझ्यापुढे, एक त्याच्यापुढे. मी उजवा हात मांडीखाली ठेवला आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागलो. एका हाताने ती मोडत नाही, थाळीभर सरकते. पिठलं सदऱ्यावर सांडलं. मी पुसलं नाही. म्हातारा माझ्या हाताकडे एकटक पाहत होता.

मी निघेपर्यंत त्याने हात घातलेला नव्हता. त्याची थाळी तशीच होती. म्हातारीनेही भरवलं नव्हतं, ती बाजूला बसून थांबली होती.